मतदान रविवारी ठेवायचं, तर कुणाच्या रविवारी?

मंडळी, आत्ताच मतदान करून आलो.

आमच्या गावचा आठवडे बाजार बुधवारचा. आज मतदान म्हणून तो बंद होता. तशी दवंडीही झाली होती. तरी शेजारच्या हिराकाकूंनी सवयीने काल संध्याकाळीच मेथी उपटली. सकाळी टोपली घेऊनच रांगेत उभ्या!

पुण्याहून मतदानाला आलेला माझा भाचा म्हणाला, "रविवारी ठेवायला पाहिजे. येण्याजाण्यात जाणारी माझी रजा वाचली असती, काकूंचा बाजारही."

काकू म्हणाल्या, "माझा वाचंल, भाचेबुवा. पर माझ्या लेकीच्या गावचा बाजार रविवारचा हाय. तिनं कुटं बसायचं? तुमच्या हापिसात?"

रांग हसली. काकू मत देऊन येईपर्यंत टोपली भाच्यानेच सांभाळली. मेथी मात्र निम्मी सुकली.

मी शाळा सातवीला सोडली, पुढचं स्वतः वाचून शिकलो, तरी जे कळतं ते नेमकं सांगतो. भाच्याची रजा जाते, हेही खरंच. पण रविवार कायमचा ठरवला, तर दर निवडणुकीला त्याच गावांचा बाजार बुडणार. वार बदलता असला, तर झळ वाटून तरी घेता येते.

तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो? आधी तेवढं लिहा, मग रविवारचं बोलू.