बुरशी लागलेली लेन्स

सुक्या बोंबलांचा वास आला की रेवदंड्याची ती कोळीण आठवते. तिच्या वारलेल्या नवऱ्याची जुनी लेन्स मला हवी होती. "बुरशी लागलीय मावशी, निम्मेच देईन," मी आवाज चढवला. "मेल्या, वरडू नको. आदी माजा फोटू काढ त्यातून." जोडणीची रिंग लावून लेन्स माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली, हातानेच फोकस जुळवला. बुरशीमुळे वाळत्या बोंबलांपुढचा तिचा चेहरा उन्हात मऊ, धुकट उजळला. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "त्यांच्या फोटूत मी अशीच दिसायची. न्हाय इकायची." माझ्याच फोटोने माझा सौदा मोडला, तो राग अजून आहे. पण माझ्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात लावलेल्या त्या फोटोची कुणी किंमत विचारली की मीही म्हणतो, न्हाय इकायचा.