सुरकुत्यांचे डोंगर

शाळेत त्यांना सगळे डोंगरबाई म्हणत. नववीला भूगोल शिकवायच्या, आणि डोंगरांचा धडा आला की वाळलेलं सफरचंद घेऊन वर्गात यायच्या. "पृथ्वी निवत गेली, आतून आक्रसली, वरच्या सालीला सुरकुत्या पडल्या. तेच डोंगर." मुलं हेच लिहीत आणि गुण मिळवत.

मग त्यांची सून त्याच शाळेत लागली. त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होता. सहामाहीचे पेपर तिच्याकडे तपासायला आले, आणि डोंगर कसे झाले या प्रश्नाला तिनं सासूच्या अख्ख्या वर्गाला भोपळा दिला.

मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं. "पालक दारात उभे आहेत. कोणाचं बरोबर?"

"बाईंनी नवं पुस्तक उघडलेलंच नाही," सून बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

डोंगरबाई उठून वर्गावर निघून गेल्या. घरी अबोला सुरू झाला. जेवताना मुलगा एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघायचा. मीठ मागायचीही चोरी. जेवण झालं की बाई नवं पुस्तक घेऊन दार लोटून बसायच्या.

सोमवारी बाई आपल्या वर्गाच्या दाराशी थांबल्या. सुनेला म्हणाल्या, "मागे बस."

"मी शिकवलं ते एके काळी मोठमोठे विद्वान मानत," बाई मुलांना म्हणाल्या. "पण सुरकुत्या सगळीकडे पडतात. डोंगर ठरावीक पट्ट्यांतच का? मग कोणी म्हणालं, समुद्रातल्या खोलगट जागी गाळ साचला, दबला, वर उचलला गेला. एक जण म्हणाला, खंडंच सरकतात. त्याला लोक हसले, कारण कशानं सरकतात ते त्याला नीट सांगता येईना. पुढे समुद्राचा तळ तपासला, तर तो मधोमध फाटून पसरताना दिसला. पृथ्वीचं कवच म्हणजे मोठाले तुकडे. ते एकमेकांना रेटतात, तिथे जमीन चेपून वर येते. मी शिकवलेलं चुकलं."

एक मुलगी म्हणाली, "बाई, मग आमचे गुण?"

सून उठली. "देऊन टाकू या, आई." शाळेत तिच्या तोंडून 'आई' पहिल्यांदाच निघालं.

"नाही. चूक ती चूक. पुन्हा लिहितील. तपासायचं तूच."

मुलांनी पुन्हा लिहिलं, बहुतेकांना जमलं. घरातला अबोला मात्र लगेच सुटला नाही. एका संध्याकाळी खोलीतून हाक आली, "अगं, हे तुकडे मुळात हलतात कशानं? काही डोक्यात शिरत नाही बघ."

सून हात पुसत आली. "आई, खरं सांगू? ते मलाही धड येत नाही."

"मग शिकवतेस काय, कप्पाळ!" डोंगरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.