दिवेलागणीचा कोट

बोटीवर रात्रीच्या जेवणाला काय घालायचं, हे विचारायला अजूनही कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. मंचरच्या कुणाचा मुलगा विलायतेला निघाला, जुन्नरच्या कुणाचा जावई निघाला, की त्यांच्या घरच्या बायका येऊन पाटावर बसतात आणि विचारतात, "तुमी जाऊन आलाय. काळा कोट लागतोच का?" मी सांगते, लागतो. कॉलर कडक लागते. सदऱ्याची बटणं शिवलेली नसतात, सुटी असतात, ती डबीत ठेवा, नाहीतर बोट हलली की पलंगाखाली जातात. एवढं सांगेपर्यंतच मला दम लागतो. पुढचं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. आता एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा बोलायला नको.

आमचं घर घोडेगावचं, धंदा हिरड्याचा. सासऱ्यांचे आजोबा मारवाडातून आले, पण आम्ही जेवतो इथलं आणि भांडतो मराठीत. डोंगरातली कोळी माणसं हिरडा वेचून पाट्या भरून आणत. आम्ही तो विकत घेऊन, वाळवून, निवडून मुंबईच्या पेढीला पाठवायचो आणि पेढी तो विलायतेला. तिकडे त्यानं कातडी कमावतात. आमच्या घरात चामड्याची चप्पल उंबऱ्याच्या आत येत नसे. पण हिरडा औषधी, असं म्हणून त्याच्या पुढचं आम्ही कुणी विचारत नसू.

पेढीचा साहेब सुट्टीवर विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, बरोबर यायला सांगितलं. तिकडचे कारखाने दाखवतो, मधले दलाल वगळून सरळ तुमच्याशी व्यवहार ठरवून देतो, म्हणाला. फक्त बोटीवर आपण एकाच टेबलाशी बसू, तेव्हा संध्याकाळच्या जेवणाला रीतसर पोशाख हवा.

झालं. हिरड्याचा हंगाम संपला होता, घरातल्या सगळ्यांना वेळच वेळ, आणि विषय एकच: पोशाख. दीर म्हणाले, अंगरखा आणि उपरणं पुरे. चुलतसासरे म्हणाले, साहेबाच्या पंगतीला साहेबासारखं जावं. शेवटी पुण्याच्या कॅम्पातून काळा कोट, काळी विजार आणि छातीशी पुठ्ठ्यासारखे कडक असे सदरे शिवून आणले. डोक्याला मात्र आपली पगडीच. बुटांवरून तर दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. चामड्याचे चालणार नाहीत, असं सासूबाईंनी बजावलं. मग कापडी बूट आणून त्यांना काळा रंग दिला. तो रंग पुढे मोज्यांना लागला, पण ते पुढचं.

एवढा काथ्याकूट झाला, पण ते जेवण असतं कधी, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. विचारणार कसं? आमच्या घरात संध्याकाळचं जेवण म्हणजे ओट्यावर ऊन असतानाचं जेवण. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. आमच्यात त्याला चौविहार म्हणतात. सासऱ्यांनी मरणाच्या दुखण्यातसुद्धा तो मोडला नव्हता. साहेब 'संध्याकाळ' म्हणाला आणि आम्ही सगळ्यांनी आमची संध्याकाळ धरली.

मी बरोबर गेले ती सासूबाईंमुळे. एवढ्या लांब, परक्या माणसांत, मुलगा नियम मोडेल अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी मला माजघरात बोलावलं आणि म्हणाल्या, "तुला मिरवायला धाडत न्हाई मी. राखण करायला धाडतेय. खाखऱ्याचा डबा संग घे, दिवस बुडायच्या आत त्याला खाऊ घाल." मग यांच्याकडे वळल्या. "आन् तू ऐक. परत येऊन तुझ्या तोंडानं 'पाळलं' म्हणशील, तवर मी दूध घ्यायची न्हाई."

सासूबाईंच्या तोंडात तेव्हा चारदोनच दात उरले होते. भाकरी त्या दुधात कुस्करूनच खायच्या. दुसरं त्यांना काही चावत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. आम्ही तळेगावच्या स्टेशनाकडे गाडी जुंपली, त्या सकाळी त्यांनी भाकरी वरणाच्या पाण्यात भिजवली होती. मी ते ताट पाहून निघाले.

पहिल्या संध्याकाळी बोटीवर आम्ही ऊन होतं तेव्हाच तयार होऊन बसलो. यांच्या गळ्याला कॉलर, पायात रंगवलेले बूट. मी घागरा आणि लाल ओढणी. माझ्या कपड्यांची कुणी चर्चाच केली नव्हती आणि गंमत अशी, की साहेबाच्या मडमेला सगळ्यांत पसंत पडले ते तेच. बसून बसून ऊन गेलं. खिडकीच्या गोल काचेत समुद्र काळा झाला. तेव्हा कुठं घंटा वाजली. आत गेलो तर छतावर दिवेच दिवे, पांढऱ्या चादरी, आणि सगळी माणसं जणू लग्नाला आलेली. हे दारातच थबकले आणि माझ्याकडे बघायला लागले. आम्ही दोघंही उपाशी होतो.

बसणं भाग होतं. समोर ताटल्या येत होत्या, जशाच्या तशा परत जात होत्या. वाढणारा गोव्याकडचा होता. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. साहेबानं विचारलं, "तबियत ठीक नहीं?" यांनी आपल्या जुजबी इंग्रजीत सगळं समजावलं. साहेबानं मान डोलावली. मडमेनं कौतुक केलं. पहिल्या दिवशी सगळेच कौतुक करतात.

मग रोजचा क्रम ठरला. उन्हं कलली की खोलीत बसून खाखरे आणि लोणचं, वर पाणी. लगेच कपडे. खोली एवढीशी, उकाडा मरणाचा. तांबड्या समुद्रात तर भिंतीला हात लावला तरी चटका बसे. त्यात हे हनुवटी वर करून उभे आणि मी त्यांच्या गळ्याशी ते निसटणारं बटण कॉलरच्या भोकात घालतेय. बोट हलली की बटण जाई. मी ओढणी खोचून पलंगाखाली वाकायची, ते शोधायची, पुन्हा पहिल्यापासून. नाकी नऊ यायचे. आणि हे सगळं कशासाठी, तर रिकामी ताटली समोर घेऊन बसायला! मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, जेवायचंच नाही, तर साध्या कपड्यांत इथंच पडून राहू. सांगा त्यांना बरं नाही म्हणून."

"तसं बरं दिसत न्हाई," हे म्हणाले.

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माणूस दिवसभर व्यवहाराच्या गोष्टी काढायची वाट पाहत होता आणि साहेब त्या फक्त जेवणाच्या टेबलाशीच काढायचा. बाकीचा दिवस तो पत्ते खेळे. टेबलाशी मात्र दुसरी माणसंही असत. त्यांना आमच्या रिकाम्या ताटल्यांची सवय झाली, मग त्यांचा खेळ झाला. एक लालबुंद माणूस रोज विचारी, "आज तरी?" आणि साहेब सोडून सगळे हसत. हेही हसत. त्या कॉलरमुळे यांना मान खाली घालता येत नसे. कानापर्यंत लाल झालेले मला शेजारून दिसत.

खाखऱ्याच्या डब्याला एडनच्या पुढे वास लागला. तरी आम्ही खात होतो. उपासमार झाली असं मी म्हणणार नाही. दुपारी भात मिळे, पाव मिळे, केळी मिळत. पण थकवा आला होता, रोज नटण्याचा आणि रोज नाही म्हणण्याचा.

सुएझचा कालवा संपून बोट पुन्हा मोठ्या समुद्रात आली, त्या संध्याकाळची गोष्ट. तो लालबुंद माणूस काहीतरी बोलला. मला कळलं नाही, पण साहेब पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. आतापर्यंत तो हसत नसे. दिवे लागलेले होते, खिडक्या काळ्या होत्या. यांनी हात पुढे केला, पाव घेतला, मोडला, लोणी लावलं आणि खाल्ला. मग पाण्याचा पेला उचलला. टेबलाशी टाळ्या वाजल्या. मडमेनं माझ्याकडे पाहून आता तू, अशी खूण केली. मी ओढणी पुढे ओढून घेतली. मला त्या माणसांचा राग आला नाही. राग यांचाही आला नाही. मला सासूबाईंचं ते वरणाच्या पाण्याचं ताट आठवलं.

दुसऱ्या दिवशी यांनी खाखरे नको म्हटलं. संध्याकाळी मी तशीच कॉलर लावून दिली. यांनी दिव्याखाली पुन्हा पाव खाल्ला, भात खाल्ला. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. कुणी पाहिलंसुद्धा नाही.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी नेहमीसारखी घंटा झाली. आम्ही निघालो, जेवणघराच्या दारात आलो, आणि मला कळेना काय वेगळं आहे ते. दिवे लावलेले नव्हते. सगळ्या गोल खिडक्यांतून ऊन आत आलेलं, चादरींवर पिवळं पडलेलं. सूर्य पाण्याच्या चांगला हातभर वर होता. घंटा लवकर झाली का, म्हणून यांनी वाढणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "न्हय शेट, घंटा वेळेवरच. हांगा या दिसांनी सूर्य उशिरा बुडता. आता फुडें आनीक उशिरा."

मला भूगोल ठाऊक नव्हता. विलायतेत उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, हे साहेबाला ठाऊक होतं, यांनाही कुठंतरी वाचून ठाऊक असणार. पण ते आपल्या जेवणाशी जोडून बघावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी बसले. भात आला, वाटाणे आले, दुधात शिजवलेलं काहीतरी गोड आलं. मी जेवले. लग्न झाल्यापासून यांच्या शेजारी बसून मी कधी जेवले नव्हते. घरात पुरुष आधी, आम्ही मागून. त्या उन्हात मला भारी आनंद व्हायला हवा होता. मी यांच्याकडे पाहिलं. हे दोन्ही हात मांडीवर ठेवून खिडकीकडे बघत होते. समोरचा भात निवत होता.

मी हळूच म्हटलं, "अहो, ऊन आहे. जेवा की."

"दोन दिवस," हे म्हणाले. "दोनच दिवस दम धरायला पायजे व्हता."

त्या दिवशी यांनी काही खाल्लं नाही. पुढे विलायतेला पोचेपर्यंत रोज उन्हातच जेवण झालं आणि रोज आम्ही जेवलो. व्यवहारही ठरला, चांगला ठरला. तिकडून परत येतानाची बोट लहान होती. तिच्यावर ना साहेब होता, ना कोट लागला. आम्ही दुपारचा पाव राखून ठेवायचो आणि दिवस बुडायच्या आत खायचो.

घोडेगावात पोचलो, तेव्हा ओट्यावर अर्धं गाव होतं. पेटी उघडली. कोट हातोहात फिरला, दिरांनी अंगात घालून पाहिला, पोरांनी कॉलर वाजवून पाहिली. "पावणं, ह्यो घालून जेवायचं? घास गळ्यातनं उतरतो का?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सासूबाई आतून आल्या. वाळल्या होत्या. हातात दुधाचा पेला होता, त्यावर साय धरलेली. त्या यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बोल बाबा आता."

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. सगळ्या परतीच्या वाटेवर मी ते जुळवत आले होते. तिकडं दिवस लई मोठा असतो, सासूबाई. घंटा व्हायची, जेवायला बसायचो, तवा खिडकीतनं ऊन यायचं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी तोंड उघडलं.

"न्हाई पाळलं, आई," हे म्हणाले.

सासूबाईंनी यांच्या तोंडाकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लई भूक लागली व्हती का रं?"

"भूक न्हवती. लाज वाटत व्हती."

त्यांनी मान हलवली. पेला उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पोरांना दे." बाकी एक शब्द बोलल्या नाहीत, यांनाही नाही आणि जिला राखणीला धाडलं होतं त्या मलाही नाही.

गावात लोक यांचं नाव काढतात, खरं बोलणारा माणूस म्हणून. असतील. मी त्या माणसाबरोबर जन्म काढला. यांना थांबणं जमलं नाही एवढंच मला ठाऊक आहे. बोटीवर दोन दिवस थांबले नाहीत आणि ओट्यावर माझं एक वाक्य होईपर्यंत थांबले नाहीत. सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. त्यांची भाकरी रोज मीच पाण्यात कुस्करून देत होते.