वस्तीवरची उमेदवार

गावठाणापासून पाच किलोमीटरवर, मांडवगण फराट्याच्या अंगाला, कोळपे वस्ती आहे. बारा-तेरा घरं. धनश्रीचे आजोबा म्हस्कू आबा यांनी उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागं काढली. आता कांदा आहे, थोडा ऊस आहे, आणि जुन्या सवयीखातर ठेवलेल्या सहा मेंढ्या. वडील हनुमंत रांजणगावला कंपनीत. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळं ते घरात झोपलेत की कामावर गेलेत हे उंबऱ्यापाशी बूट बघून ओळखायचं.

धनश्री नववीत. वस्तीवर कुणाला अर्ज लिहायचा असला की हाक तिलाच. विजेची डीपी जळाली, धनश्री. रेशन कार्डात सुनेचं नाव घालायचंय, धनश्री. अक्षर काही फार सुंदर नाही, पण काय पाहिजे ते ती पहिल्या ओळीत लिहिते. तलाठ्यानंसुद्धा एकदा विचारलं होतं, हा अर्ज कुठल्या वकिलाकडून आणला म्हणून.

पण शाळेतली एक गोष्ट तिला अर्जानं जमेना. शाळेत विज्ञान मंडळ आहे, वाङ्मय मंडळ आहे, हरित सेना आहे. सगळ्यांच्या सभा शाळा सुटल्यावर, पाच वाजता. आणि वस्तीकडची एसटी फाट्यावर सव्वापाचला. ती चुकली की घरी पोचायला दिवेलागण होते. म्हणून वस्तीवरची एकही मुलगी कुठल्याच मंडळात नव्हती. मागल्या वर्षी शिरूरच्या विज्ञान प्रदर्शनाला धनश्रीनं केलेलं ठिबक सिंचनाचं मॉडेल गेलं, पण सराव पाचनंतर असल्यामुळं त्यापुढं उभी राहिली वर्गातली हर्षदा. ती बोलली चांगलं. फक्त परीक्षकांनी विचारलं, नळीत क्षार का बसतात, तेव्हा तिला काही सांगता आलं नाही. हे हर्षदानंच येऊन सांगितलं, आणि धनश्रीला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मंडळांच्या वेळा ठरवायच्या त्या शाळेतल्या विद्यार्थी मंत्रिमंडळाच्या मुख्यमंत्र्यानं. आजवर हे पद सर लोक देत. यंदा नीलम मॅडमनी सांगितलं की अर्ज भरा, चिठ्ठी टाकून मतदान होईल. धनश्रीनं त्याच मधल्या सुट्टीत अर्ज भरला. दुसरा अर्ज आला आठवीतल्या माऊलीचा. माऊली म्हणजे पोपटरावांचा नातू, आणि पोपटराव म्हणजे गुलछडीचे बागायतदार, विकास सोसायटीचे जुने चेअरमन.

या गावात सोसायटी असो, ग्रामपंचायत असो, निवडणूक होऊ देत नाहीत. चार माणसं खंडोबाच्या देवळात बसतात, पदं सालवार वाटून घेतात, आणि बिनविरोध म्हणून पेढे वाटतात. भांडण नाही, डोकी फुटत नाहीत, हे खरं आहे. शनिवारी संध्याकाळी हीच माणसं, पोपटराव धरून, शाळेच्या मुख्यमंत्रिपदासाठी बसली, आणि वस्तीतर्फे म्हस्कू आबांना बोलावलं. औंदा गावठाण, पुढल्या साली वस्ती. म्हस्कू आबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती, मिटवून घेणं त्यांच्या अंगात भिनलेलं. त्यांनी पोपटरावांपुढं बेलभंडार उचलून शपथ घेतली, की नात अर्ज मागं घेईल.

रात्री जेवताना त्यांनी हे सहज सांगितलं. धनश्रीच्या हातातला घास तसाच राहिला.

"आबा, मला इचारलं का न्हाई?"

"तुला काय इचारायचं? फुडलं साल घेतलंय की तुझ्यासाठी. लिहून घ्यायचं का?"

"फुडल्या साली मी दहावीत."

"मग चांगलंच हाय. मोठी होशील."

"दहावीच्या पोरांना मंत्रिमंडळात घेत न्हाईत, आबा. बोर्डाची परीक्षा असती. आन् फुडल्या साली वस्तीवर आठवी-नववीत जाणारं दुसरं कुणीच न्हाई."

आबांना चूक कळली. पण शब्द मोडता येत नव्हता. भंडारा उचललेला शब्द मोडायचा विचार धनश्रीच्याही मनात आला नाही, ती रोज सकाळी देवापुढं हात जोडल्याशिवाय दप्तर उचलत नाही. शेवटी तीच म्हणाली, "शब्द ज्याला दिला, त्यानं सोडला तर?"

"सोडला तर सुटतो," आबा म्हणाले. "पर पोपटराव सोडायचा न्हाई."

रविवारी सहाच्या आत दोघं पोपटरावांच्या मळ्यात. गुलछडीची तोडणी चालली होती. पोपटरावांच्या मंडळी भागुबाई ओटी बांधून कळ्या खुडत होत्या, आणि माऊली कडेला क्रेट भरत होता.

"आबा, एवढ्या सकाळी? मेंढरू हरवलं का?" पोपटराव म्हणाले.

आबांनी नातीकडं बघितलं. धनश्रीनं सरळ दहावीचं सांगितलं. वरून पोपटरावांनाच विचारलं, "आप्पा, मग तुम्ही वस्तीला दिलं ते काय दिलं?"

पोपटरावांचा हात थांबला. "घेत न्हाईत दहावीला? खरं का रं माऊली?"

"खरं हाय. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं."

भागुबाईंनी कंबर सरळ केली. "पंचवीस वर्सं खुर्च्या वाटल्या यांनी, आन् नातू कितवीत हाय ते ठाव न्हाई."

"तू फुलं तोड गं." पोपटरावांनी टोपी मागं सारली. त्यांना हिशेब चुकल्याचा राग आला होता, पण माणूस अप्रामाणिक नव्हता. "बरं, उलटं करू. माऊली तर आठवीतच हाय. औंदा तू, फुडल्या साली तो. बिनविरोध. मिटलं?"

आबांचा चेहरा उजळला. धनश्रीला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की उद्यापासून वेळ बदलता येणार होती. पण मग गावातली पोरं विचारणार, हिला कुणी निवडलं? आणि उत्तर काय, तर देवळात बसलेल्या चार आजोबांनी. अशा मुख्यमंत्र्याचं कोण ऐकतंय?

"नको आप्पा," ती म्हणाली. "मतं होऊ द्या."

"आन् पडलीस तर?"

"पडले तर पडले."

"आबा, ही तुमच्यावर न्हाई गेली."

"न्हाई," आबा म्हणाले. "आजीवर गेली. तिनं पण मला कवा सुखानं बसू दिलं न्हाई."

आबांना मळ्यातलं बोलणं पुरेसं वाटलं नाही. देवापुढं दिलेला शब्द देवापुढंच सुटला पाहिजे. म्हणून तिघं देवळात गेले. पोपटराव खंडोबासमोर उभे राहून म्हणाले, "शब्द मी घेतला होता, मी सोडला," आणि आबांच्या कपाळाला भंडारा लावला. मग दोघांनी पारावर चहा घेतला. धनश्री आत थोडी जास्त वेळ थांबली. निवडून आण, असं तिनं मागितलं नाही. देवाला आठवीतला माऊलीही तेवढाच जवळचा, असं तिचं मत.

बुधवारी मतदान झालं. बिस्किटाच्या मोठ्या डब्याला चीर पाडून मतपेटी केली होती. दोघांना बोलायला दोन-दोन मिनिटं दिली. माऊलीनं क्रिकेटचं किट आणि सहल सांगितली. धनश्रीनं सव्वापाचची एसटी सांगितली, मंडळात नसलेल्या मुलींची नावं वाचली, आणि दीड मिनिटात खाली बसली. मोजणी झाली. माऊली एकशे एकतीस, धनश्री एकशे बावीस.

घरी आबा एवढंच म्हणाले, "हातात आलं होतं औंदाचं साल." मेंढ्यांना पाला टाकून ती भूगोलाचं पुस्तक उघडून बसली. पान मात्र उलटलं नाही.

नियमाप्रमाणं दुसऱ्या क्रमांकाला उपमुख्यमंत्रिपद. पहिली सभा सोमवारी पाच वाजता, प्रयोगशाळेत. पाच वाजून पाच मिनिटांनी धनश्रीनं दप्तर उचललं. हर्षदा इतिवृत्त लिहीत होती.

"हर्षदा, लिही. पाच वाजून पाच मिनिटांनी उपमुख्यमंत्री एसटीसाठी गेल्या."

"गेल्या? सोताला गेल्या म्हणतीस?"

"पदाला म्हणते."

सगळे हसले. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या सोमवारीही. इतिवृत्तावर मुख्याध्यापकांची सही लागते. तिसऱ्या वेळी वही सहीविना परत आली, आणि समासात लाल शाईनं लिहिलेलं होतं: उपमुख्यमंत्र्यांशिवाय सभा कशी होते?

माऊलीनं पुढच्या सभेच्या सुरुवातीला ते वाचून कान खाजवला. नंतर म्हणाला, "शनवारी सकाळची शाळा असती. प्रार्थना झाल्यावरचा तास खेळाचा हाय. त्यातला अर्धा आपल्या आन् मंडळांच्या सभांना द्यायचा का?"

"खेळाचा?" क्रीडामंत्री उठला.

"हात वर करा," नीलम मॅडम म्हणाल्या.

नऊ हात वर गेले. क्रीडामंत्री आणि त्याचा मित्र तेवढे राहिले.

त्या शनिवारी वस्तीवरच्या तेजश्री आणि ज्ञानेश्वरी विज्ञान मंडळात नाव द्यायला आल्या. दारातच घुटमळत होत्या. धनश्रीनं त्यांना पुढच्या बाकावर जागा करून दिली, आणि माऊलीनं सभा सुरू केली.