आवाज बंद ठेवून पाहिलेली मॅच

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, आजोबा गेल्यावर तुम्ही मॅच पाहिली, हे खरं आहे?" मी खरं आहे म्हणाले आणि तेवढ्यावर फोन ठेवला, कारण तिकडे तुमच्या शाळेची वेळ झाली होती. हे तुम्हाला कुणी सांगितलं ते मी विचारणार नाही. पण अर्धवट ऐकलेलं तुमच्या मनात राहू नये, म्हणून काय झालं ते क्रमाने लिहिते.

तुमचे आजोबा तरुणपणी हॉकी खेळायचे. ते फुलबॅक होते, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारे. त्या काळी फुलबॅक दोन असत. दुसरा त्यांचा नवेगाव बांधचा मित्र. त्याच्या घरी तलावातली मासेमारी आणि शिंगाड्याचं काम होतं. शाळेसाठी तो गोंदियाला आला आणि माझ्या सासरीच राहिला. दोघे आजोबांच्या थोरल्या बहिणीच्या हातचं जेवून मोठे झाले. त्या माझ्या नणंदबाई, ज्यांना तुम्ही मोठी आजी म्हणता. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. गेली कित्येक वर्षं त्या गोंदियाजवळ कुडव्याच्या घरी आमच्याजवळच आहेत.

देशोदेशीच्या संघांची मोठी स्पर्धा असली की हा मित्र एसटीने यायचा. हंगाम असेल तर पिशवीत उकडलेले शिंगाडे असायचे. आजोबा त्यांच्या वेताच्या खुर्चीत, मित्र खाली सतरंजीवर. मी शिकले नागपूरच्या इंग्रजी शाळेत, आणि खेळात मला कळायचं ते एवढंच की गोल झाला की टाळ्या वाजवायच्या. आजोबा म्हणायचे, "गोल राहू दे. मागचा कुठे उभा होता ते पाहा." मॅचआधी राष्ट्रगीत लागलं की दोघे उठून उभे राहायचे. घरातल्या घरात, लुंगीवर.

या वेळची स्पर्धा सुरू झाली तेव्हा आजोबा अंथरुणावर होते. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. पलंग बाहेरच्या खोलीत आणला आणि पहिल्या मॅचेस दोघांनी मिळून पाहिल्या. पुढची मॅच बुधवारी होती. जिंकलो तर पुढे, हरलो तर बाहेर. मित्र निघताना म्हणाला, "बुधवारी येतो."

"लवकर येजो," आजोबा म्हणाले. "मागच्या खेपेले राष्ट्रगीत चुकवलं तू."

शनिवारी पहाटे आजोबा गेले. मित्र आला, त्याने खांदा दिला आणि गावी परत गेला.

सुतकाच्या घरात टीव्ही लावत नाहीत. बाईंनी त्याच दिवशी टीव्हीवर पांढरी चादर टाकली होती. भाजीला फोडणी नव्हती, घरात मोठ्याने बोलणं नव्हतं. बाईंनी धाकट्या भावाला कडेवर वाढवलं होतं. त्याच्या सुतकात काही उणं राहू नये एवढंच त्या पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी मात्र मी अजून पाहिलं नव्हतं.

बुधवारी दिवस मावळायच्या आत मित्र आला. पिशवी दाराशी ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. मॅचचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. पण आज कोणता वार आहे ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. बाईंनाही.

"बसाले आला का मॅच पाहाले?" बाईंनी विचारलं.

"बसालेच आलो, बाई."

"मंग घडी घडी त्या चादरीकडे काऊन पाहून राह्यला?"

तो म्हणाला, "आमची स्पर्धा अर्धीच पाहून झाली, बाई. अर्धी राहिली."

"राहू दे अर्धी. पाच दिवस नाही झाले पोराले जाऊन. त्याच्या खुर्चीत बसून तू मॅच पाहशीन?"

"खुर्चीत काऊन बसू? मी जनमभर खालीच बसलो. आजबी खालीच बसतो."

बाईंची नजर खुर्चीकडे गेली. मला तेव्हा कळलं की त्यांना टीव्हीची अडचण नव्हती. अडचण त्या खुर्चीची होती. आजोबांनी "लवकर येजो" म्हणून ज्याला बोलावलं होतं, तो आला होता. त्याला चादरीसमोर बसवून परत पाठवणं मला जमणार नव्हतं. मी उठले आणि चादर काढली.

बाईंनी मला अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, "आवाज नोको."

मी आवाज पूर्ण बंद केला.

दोन्ही संघ निळ्या मैदानावर ओळीने उभे होते. मित्र उठला, मीही उठले. आपलं राष्ट्रगीत कधी सुरू झालं ते आम्हाला खेळाडूंच्या ओठांवरून कळलं. बाईंचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. त्या खुर्चीची पाठ धरून उठल्या आणि ओठ थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. नंतर खाली बसतानाही त्यांचा हात खुर्चीवरून निघाला नाही.

मी पहिल्यांदाच चेंडू सोडून मागच्यांकडे पाहत होते. आपल्या संघाने गोल केला तेव्हा खोलीत काहीच हललं नाही. समोरच्यांनी बरोबरी केली तेव्हाही नाही. शेवटी त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. आपला एक खेळाडू गोलच्या रेषेवर वाकून उभा राहिला, चेंडू त्याच्या काठीला लागून आत गेला. तो बराच वेळ तिथेच वाकलेला होता. थोड्या वेळाने खेळ संपला.

"हरले का?" बाईंनी विचारलं.

"हरले," मित्र म्हणाला.

"मंग आता?"

"आता काही नाही. झालं."

आणि तो रडायला लागला. म्हाताऱ्या माणसासारखा नाही, शाळेतल्या पोरासारखा, हुंदके देत.

"मॅचसाठी रडून राह्यला का रे?"

"होय, बाई. मॅचसाठीच."

बाईंनी पिशवी ओढली आणि शिंगाडे सोलायला घेतले. एक त्याच्या हातावर ठेवला, एक माझ्या. तिसरा सोलता सोलता त्यांचे हात थांबले, आणि इतक्या दिवसांनी त्या रडल्या. मी तोंड दुसरीकडे केलं नाही. आम्ही तिघंही रडलो. चादर पुन्हा टाकायचं कुणाला सुचलं नाही. ती सकाळी टाकली.

मित्र त्या रात्री आमच्याकडेच राहिला. सकाळी चहा घेऊन निघाला तेव्हा बाई फाटकापर्यंत गेल्या.

"तेरवीले येजो."

"येतो."

"आन फायनल कवा हाय?"

"रविवारी. पन आपली टीम नाही त्यात, बाई."

"आयकलं ना मी काल. माहा भाऊ तर कोनाचीबी मॅच पाहे."

रविवारी तो आला. चादर बाईंनीच काढली आणि नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. आवाज मात्र आम्ही लावला नाही.