तुळशीच्या मंजिऱ्या

“बेटी, मंजिऱ्या खुडू नको हं. ऐकायलीस ना?” आमच्या गल्लीतले टेलर चाचा दुकान उघडण्याआधी दारात येऊन एवढंच म्हणत आणि मी हो म्हणेपर्यंत हलत नसत.

उदगीरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तुरीचा बहार गळतो आणि करडई फुलायला अजून महिना असतो. त्या मधल्या दिवसांचा चाचांनी धसकाच घेतला होता. त्यांच्या गच्चीवर मधमाश्यांची एकच पेटी होती, बायको वारल्यावर आणलेली. “उपाशी ऱ्हायल्या की पेटी सोडून जातेत,” ते सांगत, “घर पुन्हा रिकामं व्हतं.” साखरेचं पाणी ते ठेवतच, पण भरवसा फुलांवर. गल्लीत कुणाची तुळस बहरली, कुणी खुडली, सगळं त्यांना तोंडपाठ. आमचं ब्लाउज मात्र कधी वेळेवर मिळालं नाही.

आमच्या घरी पंचाईत. सासूबाई म्हणत, “मंजिऱ्या म्हंजे तुळशीच्या डोक्यावरचं ओझं. न्हाई खुडल्या तर वाळून जाईल.” मी दोघांनाही हो म्हणायची.

गेल्या मार्गशीर्षात छातीत दुखतंय म्हणून त्यांना लातूरला दवाखान्यात नेलं. जाताना गच्चीची किल्ली माझ्याकडे दिली. रोज सकाळी फोन. “आवाज हाय का गं?” मी पेटीला कान लावायची. आत गुणगुण असायची. “हाय, चाचा,” म्हटलं की पलीकडे सुस्कारा ऐकू यायचा.

गुरुवारी पूजेच्या वेळी तुळशीची पानं गळालेली दिसली आणि माझा धीर सुटला. तिन्ही कुंड्यांतल्या मंजिऱ्या मी खुडून टाकल्या. माझं पाहून शेजारणींनीही खुडल्या.

चौथ्या दिवशी पेटीतून आवाज आला नाही. झाकण उचललं. नुसतं पोळं आणि तळाशी चार-पाच मेलेल्या माश्या. तेवढ्यात फोन वाजला.

“आवाज हाय का?”

“हाय, चाचा. लई हाय.”

ते म्हणाले, “तुझ्या तुळशीनं तारलं बघ बेटी. आता करडई फुलली की फिकर न्हाई.”

दोन दिवसांनी त्यांना गल्लीत आणलं ते चौघांच्या खांद्यावरूनच.

फोनवरचं खोटं मी सांगून टाकलं, तर गल्लीतल्या बायका म्हणतात, बरं केलंस, म्हाताऱ्याचा जीव सुखानं गेला. असेलही. तुळस मात्र जगली, चांगली कमरेएवढी झाली आहे, आणि पाणी घालताना मला तिच्याकडे बघवत नाही.