शेजारचा दात

"१४ मार्च, गुरुवार. सकाळी नळाला गढूळ पाणी. सून उजाडताच परीक्षेला गेली, डबा नको म्हणाली. इस्त्रीच्या चादरी आल्या, एकीला डाग तसाच. दुपारी पडले, पण डोळा लागला नाही."

सासूबाईंचा डोळा लागणार कसा? आज सुनेची परीक्षेची तिसरी खेप होती आणि चौथी मिळत नाही, असा नियमच होता.

सुनेचं लग्न उशिरा झालं. या देशात आली तेव्हा तिकडे मायदेशी स्वतःचा दातांचा दवाखाना चालवून आलेली, हाताला यश असलेली डॉक्टर होती ती. वडीलही दातांचेच डॉक्टर. त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून ती तयार झाली. पण तिकडची पदवी इथे चालेना. इथली लेखी परीक्षा द्यायची, मग परीक्षकांसमोर प्लास्टिकच्या जबड्यावर हाताने काम करून दाखवायचं, तेव्हा परवाना. लेखीतून ती सहज सुटली. हातकामाने मात्र घोळ घातला. पहिल्यांदा वेळ पुरला नाही, दुसऱ्यांदा दाढ प्रमाणाबाहेर घासली गेली.

तोवर ती एका दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली होती. पेशंटच्या तोंडातली लाळ ओढणारी नळी धरायची, हत्यारं पुढे करायची, गप्प उभं राहायचं. मुलगा चेष्टेने म्हणायचा, "आमच्या घरात डॉक्टर आहे, पण दात दुखला की लवंगच." सून हसायची. सासूबाईंना ते हसणं आवडत नसे.

एकदा सासूबाईंच्या दाढेवर बसवलेली टोपी, म्हणजे कॅप, निसटली. ती हातात घेऊन त्या सुनेपुढे उभ्या राहिल्या, "बसव की गं, तुझ्या हातचा मळ." सुनेने टोपी उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि परत त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "नाही आई. परवाना नसताना घरच्या माणसालाही हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी तिच्याच दवाखान्यात तिच्याहून लहान डॉक्टरने ती बसवली. थोडी वाकडीच. नळी धरून सून शेजारी उभी होती. सासूबाई तोंड उघडं टाकून छताकडे बघत राहिल्या, कारण तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

गेलं वर्षभर जेवणाचं टेबल खिडकीला लावलेलं होतं. त्याच्या कडेला प्लास्टिकचा जबडा पकडीने घट्ट बसवून सून कामावरून आली की सराव करी. घरची माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत. सगळीकडे पांढरा भुगा. सासूबाई दोन वेळा पुसत आणि कुरकुर करत नसत, म्हणजे फारशी नाही.

संध्याकाळी ती आली ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, चांगलं झालं." चहा घेताना तिने सगळं सांगितलं. टोपी बसेल अशी एक दाढ चारी बाजूंनी घासायची होती. वेळ पुरला, दाढही नेमकी घासली गेली. शेवटी शेवटी शेजारच्या दाताला हत्यार निसटतं लागलं, बारीकसा ओरखडा उठला. तो तिने गुळगुळीत करून टाकला. कुणाला दिसायचाही नाही.

तेवढ्यात तिच्याबरोबर परीक्षा दिलेल्या मुलीचा फोन आला. चुरूचुरू बोलते म्हणून घरात तिला सगळे चिमणी म्हणत. सून हसत हसत ओरखड्याचं सांगू लागली आणि मधेच थांबली. पलीकडून चिमणी काहीतरी समजावत होती. फोन ठेवला तेव्हा चहावर साय धरली होती.

सासूबाईंनी विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं. ओरखडा तसाच ठेवून हात वर करायचा असतो, परीक्षकांना दाखवायचा असतो. थोडे गुण जातात. पण न विचारता दुसऱ्या दाताला हत्यार लावलं की सगळंच जातं. कागदावर हा नियम होता, तिने वाचलाही होता.

"मग ठेवायचास ना तसाच," सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"आठवलंच नाही, आई. हात आपोआप गेला. बाबा म्हणायचे, पेशंट खुर्चीतून उठायच्या आत आपलं बिघडवलेलं आपण निस्तरायचं. इतकी वर्षं तेच केलं." मग कपाकडे बघत, "आज खुर्चीत पेशंट नव्हताच, हे विसरले."

मुलगा रात्री म्हणाला, निकाल लागेपर्यंत काही सांगता येत नाही.

निकाल मे महिन्यात लागला. चिमणी पास झाली, सून नाही. तिने पेढ्यांऐवजी अपराध्यासारखा चेहरा आणला. सुनेनेच तिला जवळ घेतलं, आपली दात बघायची छोटी आरशी तिच्या हातात दिली, लांब दांड्याची, वडिलांनी दिलेली. "मला काय करायचीय आता," म्हणाली. ती गेल्यावर सुनेने जबड्याची पकड सैल केली, जबडा फडक्यात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाचा गणवेश धुवायला टाकला. मग तिने टेबलाचं एक टोक उचललं. सासूबाईंनी दुसरं टोक धरलं.

त्या संध्याकाळी त्यांनी डायरीत लिहिलं: "जेवणाचं टेबल खिडकीपासून काढून परत मधे घेतलं. कडेला पकडीचे वळ आहेत, त्यावर चटई टाकली."